लाहोरला गोल्फ खेळायला निघालेला मुलगा

महाराष्ट्रातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि विजय दिवसाचे कार्यक्रम बसवणारी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

१६ डिसेंबरचा विजय दिवस आता पुष्कळ शाळांत साजरा होतो, याचा मला आनंदच आहे. नातवंडांच्या निमित्ताने मी असे बरेच कार्यक्रम पाहिले. सगळ्यांची चाल एकच. ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली, ९३ हजार जण युद्धकैदी झाले, बांगलादेश जन्माला आला. मग परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे एका दमात, प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत 'प्राणांची पर्वा न करता'. त्यानंतर भाड्याच्या वर्दीतली पाचवीची पोरे शत्रू झालेल्या पोरांवर लाकडी बंदुका रोखतात, दोघे-तिघे पडतात, स्पीकरवर गाणे लागते, पुढच्या रांगेतल्या आया डोळे पुसतात. पेढा घेऊन सगळे घरी.

कष्ट करून कार्यक्रम बसवणाऱ्या शिक्षकांना नावे ठेवायला हे पत्र लिहीत नाही. परीक्षा, पोषण आहार, निवडणुकीची कामे यांतून वेळ काढून तुम्ही हे करता. माझे मागणे लहान आहे. यंदा यादी वाचू नका. एकच मुलगा घ्या आणि त्याची गोष्ट सगळी सांगा. अडचणीची वाटते तीसुद्धा.

मी सुचवतो तो मुलगा म्हणजे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल.

आडनाव पंजाबी आहे, पण त्याच्या आयुष्याची बरीच पाने आपल्याकडे लिहिली गेली. १४ ऑक्टोबर १९५० रोजी तो पुण्यात जन्मला. सैन्याचे पहिले धडे त्याने खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गिरवले. ज्या रेजिमेंटमध्ये तो दाखल झाला तिचे नाव पूना हॉर्स. १८१७ साली, पुणे करारानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या पैशावर उभे केलेले हे घोडदळ. युद्धाचा बिगुल वाजला तेव्हा तो आमच्या नगरला कोर्स करत होता. (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय होते आहे.) आणि ज्या रणगाड्यात तो शेवटचा लढला तो 'फामागुस्ता' दुरुस्त होऊन आज नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

मी नगरचा, त्यामुळे रणगाडे आम्हाला नवे नाहीत. के. के. रेंजवर सराव सुरू असला की आवाज शिवारापर्यंत येतो आणि शेतातली माणसे मान वर न करता 'आज जोरात चाललंय' एवढेच म्हणतात. पण आमच्याही गावात 'फामागुस्ता' म्हणजे काय असे विचारले तर किती जण सांगतील, शंका आहे.

मुलांना अरुण सांगायचा तर बलिदानापासून सुरुवात करू नका, असे माझे म्हणणे आहे. घरापासून करा. त्याचे घराणे मूळ सरगोध्याचे, फाळणीत निर्वासित होऊन इकडे आलेले. पणजोबा शीखांच्या खालसा सैन्यात होते आणि १८४९ साली चिलियांवाला इथे इंग्रजांविरुद्ध लढले. आजोबा पहिल्या महायुद्धात त्याच इंग्रजांच्या फौजेत होते. वडील एम. एल. खेतरपाल भारतीय सैन्याच्या इंजिनियर्स कोअरमध्ये अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. एकाच घरातल्या तीन पिढ्यांत शत्रू कसे बदलत गेले, हे इतिहासाच्या शिक्षकाला सोन्यासारखे साधन आहे. पाठ्यपुस्तकातले दोन धडे एका घराच्या ओसरीवर भेटतात.

शाळा हिमाचलातल्या सनावरची. तिथे तो क्लॅरिनेट वाजवायचा, पोहण्यात तरबेज होता. १९६७च्या जूनमध्ये एनडीएत आला, तिथे फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनचा कॅडेट कॅप्टन झाला. मग डेहराडूनची लष्करी अकादमी. १३ जून १९७१ला खांद्यावर तारा लागला, तो अधिकारी झाला. त्यानंतर त्याला किती दिवस मिळाले हे फळ्यावर गणित म्हणून मांडायला हरकत नाही: सहा महिने आणि तीन दिवस.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. युद्ध होणार हे दिसू लागल्यावर नगरच्या कोर्समधल्या तरुण अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटकडे परत पाठवले गेले. अरुण दिल्लीमार्गे निघाला, बरोबर आपली जावा मोटारसायकल आगगाडीत घालून. स्टेशनवर गाडी उतरवली आणि तिच्यावर बसून थेट घरी. घरी सामान भरताना त्याने गोल्फच्या काठ्या घेतल्या आणि निळा पॅट्रोल ड्रेस घेतला. हा मेजवानीला घालायचा औपचारिक गणवेश. वडिलांनी विचारले, अरे, लढाईवर निघालास ना? हे कशाला? तर म्हणाला, लाहोरला गोल्फ खेळणार आहे, आणि जिंकल्यावर पार्टी होईलच, तेव्हा हा ड्रेस लागेल.

हे ऐकून मुले हसतील. हसू द्या. मला तर वाटते की कार्यक्रमातले हे सर्वांत मोलाचे हसू असेल. एकवीस वर्षांचा मुलगा जसा असतो तसा हा होता: थोडा फुशारकी मारणारा, थोडा नटवा, गाडीवर जीव असलेला. तो जिंकायला आणि जिंकून परत यायला निघाला होता. मरायला निघालेला माणूस पार्टीचे कपडे बांधून नेत नाही. आपण मात्र त्याच्या मरणापासून गोष्ट सुरू करतो आणि तिथेच संपवतो. मुलांच्या मनात मग असे बसते की वीर म्हणजे ज्याला मरायची हौस होती तो.

त्याच घरात, जेवणाच्या टेबलावर आईने त्याला सांगितले होते की तुझे आजोबा लढले, वडील लढले, तूही वाघासारखा लढ, भिऊन परत येऊ नकोस. आईने म्हटलेले हे वाक्य भाषणांत नेहमी येते. गोल्फच्या काठ्या येत नाहीत. दोन्ही एकाच संध्याकाळच्या आहेत, तर दोन्ही यायला हव्यात.

लढाई सांगताना नकाशा लागेल. नकाशाशिवाय बसंतर कुणालाच कळत नाही. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता सरहद्दीच्या अगदी जवळून जातो आणि काश्मीरकडे जायला तेव्हा हीच मुख्य वाट होती. या रस्त्याच्या खाली पाकिस्तानचा शकरगढचा प्रदेश फुगवट्यासारखा आपल्या बाजूला घुसलेला आहे. तिथून कुणी मुसंडी मारली तर रस्ता तुटला. म्हणून आपल्या सैन्याने आधीच त्या फुगवट्यात शिरायचे ठरवले. सांब्यावरून वाहत येणारी बसंतर नदी पुढे याच भागातून जाते.

१५ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडने नदीपलीकडे पाय रोवले. पायदळ पलीकडे आणि रणगाडे अलीकडे, अशी स्थिती. मध्ये पाकिस्तानने पेरलेले सुरुंग. इंजिनियर्सचे जवान अंधारात, थंडीत, एकेक सुरुंग काढत वाट करत होते. अर्धेच काम झाले होते. तेवढ्यात पलीकडून कळले की शत्रूच्या रणगाड्यांची घरघर ऐकू येते आहे. पहाटेपर्यंत थांबले तर पायदळ चिरडले जाणार. पूना हॉर्सने निर्णय घेतला: सुरुंग असोत नसोत, जायचे.

इथे जरा थांबा, सर. ज्यांनी ती अर्धी वाट केली त्या इंजिनियर्सची आठवण कुठल्याच नाटुकल्यात नसते. सरपटत, हाताने माती चाचपत सुरुंग काढणाऱ्या माणसाला टाळ्या घेणारा संवाद कोण लिहिणार? अरुणचे वडील याच इंजिनियर्स कोअरचे होते. बापाच्या कोअरने काढलेल्या अर्ध्या वाटेवरून पोरगा पलीकडे गेला, असे सांगितलेत तर मुलांच्या लक्षात राहील.

आणखी दोन माणसे ओळखीची करून द्या. पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग. अध्यात्माकडे ओढा असलेला, लग्न न केलेला हा राजपूत अधिकारी. त्यांचा हुकूम होता की एकही रणगाडा मागे सरणार नाही, जो जिथे आहे तो तिथेच लढेल. आणि ज्या १६व्या आर्मर्ड ब्रिगेडखाली ही रेजिमेंट लढत होती तिचे ब्रिगेडियर कोण? अरुणकुमार वैद्य. आपले मराठी माणूस, पुढे लष्करप्रमुख झालेले, ज्यांची १९८६ साली पुण्यात दहशतवाद्यांनी हत्या केली. बसंतरच्या कामगिरीसाठी हनुत सिंगांना महावीर चक्र मिळाले, वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र. पहिले १९६५चे. पुण्यातल्या मुलांना वैद्य माहीत असतील तर रस्त्याच्या पाटीवरून. त्या पाटीमागची एक सकाळ त्यांना या निमित्ताने कळेल.

१६ तारखेला सकाळी आठच्या सुमारास जरपाल गावाजवळ पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटने धुराचा पडदा टाकून पॅटन रणगाड्यांनिशी हल्ला चढवला. समोर पूना हॉर्सची बी स्क्वाड्रन होती, आणि शत्रूचे बळ जास्त होते. बी स्क्वाड्रनने वायरलेसवर मदत मागितली. अरुण ए स्क्वाड्रनमध्ये. ती मदत खास त्याच्याकडे मागितलेली नव्हती. त्याने ऐकले आणि आपले रणगाडे घेऊन तो आपणहून निघाला.

वाटेत नदी ओलांडताना शत्रूची काही ठाणी अजून शिल्लक होती, रणगाडाविरोधी तोफा लपलेल्या होत्या. त्यांना वळसा घालायला वेळ नव्हता. त्याने रणगाडे सरळ त्यांच्या अंगावर घातले, मोर्चे तुडवले आणि पिस्तूल रोखून शत्रूचे जवान पकडले. या धामधुमीत त्याच्या तुकडीतला एक टँक कमांडर मारला गेला. अरुण बी स्क्वाड्रनजवळ पोहोचला तेव्हा शत्रूचे रणगाडे पहिला हल्ला करून मागे फिरत होते. तो त्यांच्या मागे सुटला आणि एक रणगाडा उडवलाही.

परमवीर चक्राचे जे अधिकृत मानपत्र आहे, त्यात या पाठलागाबद्दल स्पष्ट नोंद आहे की लढाईच्या जोशात आणि स्वतःच्याच वेगात तो वाहवत गेला. सरकारी कागद आहे हा, आणि सर्वोच्च सन्मानाचा! त्यात ही गोष्ट लपवलेली नाही. आपण का लपवायची? शिस्तीच्या पलीकडचा उत्साह होता त्याच्यात, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या एखाद्या पोरात असतो तसा. अशा पोराला आपण वर्षभर 'जागेवर बस' म्हणत असतो आणि १६ डिसेंबरला त्याच्यासारख्याच्याच फोटोला हार घालतो. यावर मी अधिक बोलत नाही.

शत्रू पुन्हा जमला, आणि या वेळी नेमका अरुणच्या बाजूने आला. तिथे आपले तीनच रणगाडे होते. एकाला तोफगोळा लागला. दुसऱ्याची तोफ बंद पडली. उरला 'फामागुस्ता'. या लढतीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांतले चार अरुणचे मानले जातात. आपले सेंच्युरियन तोवर जुने झालेले इंग्रजी रणगाडे, समोर अमेरिकी पॅटन. पण सेंच्युरियनवर १०५ मिलिमीटरची तोफ होती आणि ती चालवणारे हात तयारीचे होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे चिलखताची जाडी, कोन, तोफगोळ्याचा वेग असे काही घेतले तर आठवी-नववीची मुले जांभया देणार नाहीत याची मला खात्री आहे.

अरुणच्या रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, तो स्वतः जबर जखमी झाला. वायरलेसवरून हुकूम आला की रणगाडा सोड आणि बाहेर पड. त्याचे उत्तर सैन्यात आजही सांगतात: "नाही सर, मी माझा रणगाडा सोडणार नाही. माझी तोफ अजून चालते आहे…" पुढे शत्रूला उद्देशून एक शिवी आहे. शाळेच्या व्यासपीठावर ती गाळावी लागेल, हे मला कळते. पण शिवी होती एवढे तरी मुलांना सांगा, म्हणजे तो मुलगा त्यांना आपल्यातला वाटेल. हे बोलून त्याने वायरलेस बंद केला.

त्यानंतरही त्याने एक रणगाडा मारला, तोही शंभर मीटरच्या आतून. मग दुसरा गोळा आला.

आता एक गोष्ट माझ्या आग्रहाखातर. रणगाडा एकट्याने चालत नाही. चार माणसे लागतात: कमांडर, तोफ डागणारा, तोफ भरणारा आणि वायरलेस सांभाळणारा, आणि चालक. 'फामागुस्ता'त अरुणबरोबर तिघे सवार, म्हणजे रेजिमेंटचे जवान होते. नथूसिंग तोफेवर, नंदसिंग वायरलेसवर, प्रयागसिंग चालक. नंदसिंग त्या दिवशी अरुणबरोबरच गेले. बाकीचे दोघे जखमी होऊन वाचले. 'मी रणगाडा सोडणार नाही' असे जेव्हा अरुण म्हणाला तेव्हा त्या पेटत्या लोखंडी खोलीत ही माणसेही होती. तोफ चालत होती ती नथूसिंगांच्या हातांनी. तुमच्या नाटकात चार पोरे उभी करा, एक नको. आणि ज्याला नंदसिंगांची भूमिका मिळेल त्याच्या आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवा.

तुमच्या सूत्रसंचालकांकडून नेहमी निसटणारी एक बाब आहे. ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली ती १६ डिसेंबरला दुपारी साडेचारच्या सुमारास. अरुण गेला तो त्याच दिवशी सकाळी. म्हणजे पूर्वेला विजयाचा कागद टाइप होत होता त्या वेळी पश्चिमेला हे चालले होते. आपण विजय दिवस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त ढाक्याचे ते टेबल आणि त्याभोवती उभे अधिकारी येतात. जरपालच्या शेतांतले धुरकट आभाळही त्याच तारखेचे आहे. पश्चिम सरहद्दीवर शस्त्रसंधी दुसऱ्या दिवशी झाली.

अरुणवर १७ डिसेंबरला सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले. घरच्यांना मात्र २६ डिसेंबरपर्यंत काहीच ठाऊक नव्हते. युद्ध संपले होते, देश आनंदात होता, दिल्लीच्या त्या घरात पोरगा कधी येतो याची वाट चालू होती. त्याची जावा सर्व्हिसिंग करून तयार ठेवली होती, असे सांगतात. नऊ-दहा दिवस हे असे. मग टपालवाला तार घेऊन आला. मुलांना हे सांगताना आवाज चढवू नका, गाणे लावू नका. नुसते वाचून दाखवा.

तेव्हापर्यंतचा परमवीर चक्राचा तो सर्वांत तरुण मानकरी. पुढे १९९९ साली कारगिलच्या लढाईत योगेंद्रसिंह यादव एकोणिसाव्या वर्षी हा मान मिळवून बसले. बसंतरच्या एकाच लढाईत दोन परमवीर चक्रे मिळाली. दुसरे ३ ग्रेनेडियर्स या पलटणीचे मेजर होशियार सिंग यांना, जे जखमी अवस्थेतही जरपालच्या मोर्चावरून हटले नाहीत आणि जिवंत परतले. पूना हॉर्सचे पहिले परमवीर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर. १९६५च्या युद्धात गेले, शाळा पुण्यातल्या सरदार दस्तूरची. आणि हे पदक ज्यांनी कागदावर रेखले त्या सावित्रीबाई खानोलकर, युरोपात जन्मून मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. दधीचीच्या अस्थींचे वज्र त्यांनी त्या पदकात आणले. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला हे सगळे लागेलच, म्हणून एकदम लिहून टाकले.

आता अडचणीचा भाग. तो गाळू नका, ही माझी खरी विनंती आहे.

२००१ साली ब्रिगेडियर खेतरपाल ८१ वर्षांचे होते. जन्मगाव सरगोधा एकदा पाहायचे, ही म्हाताऱ्याची इच्छा. ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सरबराई केली ती पाकिस्तानी सैन्यातले निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, स्वतःच्या घरी ठेवून घेऊन. पाहुणचार इतका की म्हाताऱ्याला संकोच वाटावा. परतीच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले की १६ डिसेंबर १९७१ला १३ लान्सर्सच्या त्या हल्ल्यात मी होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

त्या रात्री काय झाले असेल, यावर नाट्य रचण्याचा मोह आवरावा. झाले ते कागदावर पुरेसे आहे. नासेर यांनी नंतर फोटो पाठवले आणि त्याबरोबर २ मार्च २००१ची तारीख घालून लिहिले की १३ लान्सर्सच्या प्रतिहल्ल्याच्या यशापयशाच्या मध्ये अरुण अभेद्य खडकासारखा उभा राहिला. आम्ही या लढाईला बडा पिंड म्हणतो, तुम्ही बसंतर म्हणता, असेही त्यांनी त्यात लिहिले. त्यांनी अरुणच्या नावाआधी 'शहीद' हा शब्द लिहिला.

काही जण म्हणतील, लहान मुलांपुढे पाकिस्तानी अधिकाऱ्याचे कौतुक कशाला? शिक्षकांच्या खोलीत हा वाद होणार, पालकांचा फोनही येईल. माझे उत्तर साधे आहे. अरुण किती भारी होता याची साक्ष आपल्यापेक्षा त्याच्यासमोर तोफ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने दिली तर ती अधिक वजनाची. शत्रू बावळट, पळपुटा होता असे दाखवले की त्याच्याशी लढणाऱ्याचेच मोल कमी होते. नासेर यांनी लढताना दया दाखवली नाही, अरुणनेही दाखवली नाही. तीस वर्षांनी एका बापासमोर उभे राहून ते सांगायला वेगळी हिंमत लागते. आणि ज्याने ऐकून घेतले त्या बापाचे काय? मुलांना विचारा. उत्तर तुम्ही देऊ नका. मी पैज लावतो, सातवीतली एखादी मुलगी असे काही बोलेल की तुम्हालाच गप्प बसावे लागेल.

मला ठाऊक आहे, अशा गोष्टीला वेळ लागतो. पाऊण तास तरी. त्यासाठी बाकीच्या चार गोष्टी गाळाव्या लागतील. पाहुण्यांच्या सत्काराचे नारळ कमी करा, आधी तेच गाळता येतील. 'आम्हीही देशासाठी मरू' अशी शपथ काही ठिकाणी दहा-अकरा वर्षांच्या पोरांकडून म्हणवून घेतात, तीही गाळा. अरुणने अशी शपथ घेतल्याचे कुठे नाही. त्याने तोफेचा नेम धरायला शिकून घेतले होते, वायरलेसची शिस्त शिकून घेतली होती, नगरच्या माळावर रणगाडा कसा वळवायचा हे शिकत होता. त्याच्या तयारीबद्दल बोला. क्लॅरिनेट वाजवणारे, पोहणारे, गाडीवेडे असे पोर ज्या दिवशी वेळ आली त्या दिवशी इतके तयार कसे होते, हा प्रश्न मुलांना पडू दे.

सहल नगरकडे येणारच असेल, म्हणजे शिर्डी, शिंगणापूर वगैरे, तर दोन तास कॅव्हलरी टँक म्युझियमला द्या. ते १९९४ पासून आहे आणि सर्वांसाठी खुले आहे. तिथे जुन्या चिलखती गाड्यांपासून आपले सेंच्युरियन आणि युद्धात हाती लागलेले पॅटन असे सगळे समोरासमोर पाहता येते. मुलांना पॅटनभोवती एक फेरी मारायला लावा, मग सेंच्युरियनभोवती. पुस्तकातली चार इंचांची चित्रे आणि हे लोखंड यांत फार अंतर आहे. आत चार माणसे कशी मावत असतील, हाच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. 'फामागुस्ता' शेजारच्याच लष्करी संस्थेच्या आवारात आहे. शाळेच्या पत्रावर रीतसर विचारून पाहायला काय हरकत आहे? नकार मिळाला तर मिळाला.

पुण्याच्या शाळांना तर खडकवासला हाकेच्या अंतरावर. एनडीएच्या ज्या मैदानावर दीक्षान्त संचलन होते त्याचे नाव खेतरपाल परेड ग्राउंड. प्रत्येक तुकडी शेवटचे पाऊल त्याच्या नावाच्या जमिनीवर टाकून बाहेर पडते. २०२५च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, याच मैदानावरून बाहेर पडल्या. विजय दिवसाच्या नाटकात मुलींना नेहमी भारतमाता किंवा रडणारी आई करता, त्यांना या वेळी वर्दी द्या.

अंदमानातल्या एका बेटालाही २०२३ साली अरुणचे नाव दिले गेले; भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल. नोएडात अरुण विहार ही वसाहत आहे. नावे देण्यात आपण मागे नाही. गोष्ट सांगण्यात मागे आहोत.

शकरगढ, बसंतर, जरपाल, सांबा आणि जम्मू-पठाणकोट रस्ता दाखवणारा एक साधा नकाशा मी हाताने काढून त्याची मोठी प्रत छापून घेतली आहे. तो सुबक नाही, पण मागच्या बाकावरून वाचता येतो. ज्या शाळेला हवा असेल तिने कळवावे, नगर जिल्ह्यातल्या शाळांत तो घेऊन मी स्वतः येईन. मानधन नको, हार-नारळ नको. एक फळा, एक खडू आणि पाऊण तास पुरे. नकाशा काढताना मी बसंतरचे एक वळण चुकीच्या बाजूला काढले असण्याची शक्यता भूगोलाच्या शिक्षकांनी गृहीत धरावी आणि सगळ्या वर्गासमोर ते दुरुस्त करावे.

आपला स्नेहाकांक्षी,
एक निवृत्त आजोबा, अहिल्यानगर